रक्ताला थंड पाणी

३ जानेवारी

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (पुढचं सगळं पूर्ण लिहिलं असं समज, शाई वाचली.)

सुखरूप पोचले. फोन केला नाही म्हणून गाल फुगवून बसू नकोस. धुलाईघरातल्या यंत्रांनी तुझे कान पार खाऊन टाकलेत आणि फोनवर तू माझ्या प्रत्येक प्रश्नाला नुसतं हो म्हणतेस. जेवलीस का, हो. पडलीस का, हो. त्यापेक्षा पत्र बरं. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आमच्या अर्ध्या प्राध्यापकांपेक्षा सुवाच्य आहे, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

जुन्या वस्तूंचं जतन शिकून पोट भरतं का, असं निघताना विचारलंस. तर ऐक. संग्रहालयाच्या भांडारात यंदा एक कायमची जागा निघणार आहे. आमच्या सहा जणांपैकी ज्याची एका वस्तूची नोंद सगळ्यांत चोख, त्याला ती मिळणार, असं मुख्य बाईंनी सांगितलं. नोंद म्हणजे त्या वस्तूची सगळी कुंडली: कुणाची, कशाची, कुठे फाटली, कशानं फाटली, डाग कसला. मला ती जागा हवी आहे, आत्या. आयुष्यभर त्या कपाटांमधून फिरायचं आणि आतलं काही नासू द्यायचं नाही, याहून दुसरं मला काही करायचं नाही.

वर्गात तुझ्या जिवावर मी भाव खाऊन घेतला. कापडावरच्या रक्ताबद्दल कुणाला काय माहीत आहे, असं बाईंनी विचारलं. मी उठून सांगितलं की रक्ताला थंड पाणी, गरम पाणी लागलं की ते शिजतं आणि धाग्यात कायमचं बसतं. हे मला पाचव्या वर्षी पाठ होतं, कारण माझी आत्या इस्पितळात रक्ताच्या चादरी धुते. बाई हसल्या आणि म्हणाल्या, आत्या डाग काढते आणि तू डाग राखणार, घरात रोज भांडण असेल.

आता खरी बातमी. गोदामाच्या फाटकावर संपात जी मारामारी झाली, जिच्यात बाबा गेले, तिला पुढल्या वर्षी पंचवीस वर्षं होतात. त्यासाठी संग्रहालय वस्तू जमवतंय. हमालांच्या बाजूनं पुष्कळ काही आलं. पहारेकऱ्यांच्या बाजूनं एकच वस्तू आली, ती मी मागून आणली. धुलाईघरातल्या मावशीनं तिच्या पहारेकरी नवऱ्याचा कोट दिला. तुझ्या शेजारी उभी राहून चोवीस वर्षं इस्त्री करणाऱ्या बाईनं तो कोट ट्रंकेत ठेवला होता आणि तुला कधी दाखवला नव्हता, याचं मला नवल वाटलं. कंपनीच्या कागदात लिहिलंय की तो पळत सुटला आणि गर्दीत तुडवला गेला. पळपुट्याची बायको म्हणून तिनं किती ऐकलंय ते तुला माहीत आहे. तिला फक्त खरं काय ते हवंय. नोंदीसाठी मी हाच कोट घेतलाय.

बाबांचं काही उरलंय का गं? एखादा कपडा, पट्टा, काहीही. एका दालनात दोघांचं शेजारी ठेवता येईल.

माझ्यावरचा लोभ तुझ्या रागापेक्षा जरा जास्त असू दे.
तुझी भिंगरी

११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक कानाखाली, ती आल्यावर.

कागदाच्या मागे चादरींची यादी आहे, ती वाचत बसू नकोस.

तो कोट परत दे. जगात वस्तूंचा काय दुष्काळ पडलाय? मडकी घे, मूर्ती घे, कुणाची तरी जुनी घड्याळं घे आणि त्यांची नोंद कर. कोळसा उगाळावा तितका काळाच. ज्यांनी मढी गाडली त्यांना ती कुठे आहेत ते माहीत असतं, तू फावडं घेऊन नाचू नकोस.

बापाचं काही उरलं नाही. तुला मोठी झाल्यावर सगळं सांगते म्हणत राहिले, तर आता सांगते. संपाचा अठरावा दिवस होता. सकाळी फाटक उघडून माल बाहेर काढायचा कंपनीनं घाट घातला आणि हमाल आडवे झाले. तुझ्या बापाला सहा पहारेकऱ्यांनी कुंपणाशी गाठला आणि काठ्यांनी ठेचला. जबडा दोन ठिकाणी मोडला. एक डोळा फुटला. बरगड्या मोजायला डॉक्टरांनी हात लावला तर छाती पिशवीसारखी आत गेली. तीन दिवस जगला. कशाला जगला, असं मला तेव्हाही वाटलं. तुझी आई तुला जन्म देऊन गेलेलीच होती. तू अकरा महिन्यांची, माझ्या कडेवर, आणि खाली त्याच वेळी मारामारीतल्या सगळ्यांच्या चादरी माझ्याच हौदात. त्याचा शर्ट मी फाडून फरशी पुसायला घेतला. झालं समाधान?

तुझी मावशी आनंदानं साऱ्या गल्लीला सांगत सुटली आहे की तिच्या नवऱ्याचा कोट संग्रहालयात लागणार. माझ्या डब्यातलं तिनं अर्धं खाल्लं आणि तिच्यातलं मला अर्धं दिलं, रोजच्यासारखं.

थंडी आहे, पायात मोजे घाल. ओल्या केसांनी हिंडू नकोस.

लोभ आहेच, तो काढून घेता येत नाही म्हणून.
आत्या

२ फेब्रुवारी

ति. आत्यास,
सा. न. वि. वि. कानाखालीची पोच मिळाली.

बाबांबद्दल इतकं सरळ तू कधी सांगितलं नव्हतंस. पण म्हणूनच कोट परत देणार नाही. रागाव.

तो कोट मी तीन आठवडे भिंगाखाली बघतेय. जाड लोकरी कापड, कसर लागलेली, ती मऊ कुंचल्यानं एकेक काढली. पुढचा भाग रक्तानं पुठ्ठ्यासारखा कडक झालाय. आम्ही तो धूत नाही. धुतलं की जे गेलं ते परत आणता येत नाही, आणि जे परत आणता येत नाही ते करायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

आता नीट वाच. कोटाला सात भोकं आहेत. सगळी पुढून. पाठीला एक नाही. प्रत्येक भोकाशी धागे आत ढकलले गेलेत आणि मग दोन बोटं वर फाटत गेलेत. काठीनं असं होत नाही, चाकूनंही नाही. काहीतरी वाकडं आणि टोकदार आत गेलं आणि वर ओढलं गेलं. बाईंनी बघितलं आणि त्या आतून हमालांचा आकडा घेऊन आल्या. गाठी उचलायला कमरेला लटकवतात, तो. बरोबर बसला. चौथ्या भोकात तर तो दोनदा गेलाय, एकाच जागी, धाग्यांचे दोन थर वेगवेगळे कळतात. मारणाऱ्याचा हात किती पक्का असेल बघ.

म्हणजे मावशीचा नवरा पळत नव्हता. तो समोर तोंड करून उभा होता आणि कुणा हमालानं त्याला आकड्यानं फाडला. चोवीस वर्षं तिला पळपुट्याची बायको म्हणणाऱ्यांच्या तोंडावर हा कागद मारता येईल. मी तिला अजून सांगितलं नाही. नोंद पुरी झाली की आधी तिलाच वाचून दाखवणार. तिचा चेहरा कसा होईल याचाच मी विचार करत असते.

बाईंनी माझ्या वहीत मान डोलावत खूण केली. जागेचं जमेल असं वाटतंय. तू मात्र तोंड वाकडं करणार, ते मला इथून दिसतंय.

मोजे घालते. लोभाची जुनी थकबाकी चालू ठेव.
तुझी भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हमालांच्या युनियनचा संपाच्या वेळचा सेक्रेटरी, तुमचा सेक्रेटरीकाका, काल घरी आला होता. चहा ठेवला, तो प्यायला नाही. पोरीला आवर, असं म्हणाला. हमालांनी माणूस मारला असं कागदावर आलं तर फाटकावरच्या दगडाला काय अर्थ उरेल, ज्यावर तुझ्या बापाचं नाव कोरलंय, असं त्यानं विचारलं. जाताना त्यानं माझ्या खिडकीच्या काचेवर दोनदा बोट वाजवलं. आज सकाळी ती काच फुटलेली होती.

ही माणसं म्हातारी झालीत, पण हात विसरलेले नाहीत. मी तुझ्या पाया पडत नाही, मी तुला वाढवलंय. पण सांगते. दुसरी वस्तू घे. एक नोकरी गेली तर दुसरी मिळेल.

खिडकीला पुठ्ठा लावला आहे. माझी काळजी करू नकोस.

लोभ आहे, भीतीही आहे, दोन्ही पाठवते.
आत्या

२ मार्च

ति. आत्यास,
नमस्कार.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. काल मी एका माणसाचं डोकं फोडलं.

दुपारी अडीचला ते आले. आठ-नऊ जण, सगळे साठीच्या आसपासचे, पुढे सेक्रेटरीकाका. दारावरच्या रखवालदाराला दोघांनी भिंतीवर आपटला, दोनदा. मग आमच्या खोलीच्या दाराची काच आत आली. काकांनी शांतपणे सांगितलं की कोट द्या, आम्हाला बाकी कशाला हात लावायचा नाही. बाई मध्ये उभ्या राहिल्या. वस्तू माझ्या ताब्यात आहे, लेखी अर्ज करा, असं म्हणाल्या. कुणीतरी लोखंडी स्टूल उचलून त्यांच्या हातावर घातलं. कोपराखालचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, आणि बाई तरी दुसऱ्या हातानं टेबलाची कड सोडेनात. एकानं बाटल्यांचं कपाट पाडलं. सगळीकडे स्पिरिटचा वास आणि पायाखाली काच.

कोटापर्यंत पोचला तो घोडाकाका. मला पाठीवर घेऊन गल्लीभर धावायचा तो. त्यानं कोटाची बाही धरून ओढली आणि शिवण उसवल्याचा आवाज झाला. चौकटींचे खिळे ठोकायची छोटी हातोडी माझ्या हातात होती. मी ती त्याच्या कानावर मारली. तो वाकला, बाही त्यानं सोडलेली होती. मी परत मारली. त्याच जागी. आत्या, दुसऱ्यांदा मारायची काही गरज नव्हती. कान अर्धा लोंबायला लागला आणि रक्त माझ्या पांढऱ्या कोटावर आलं. मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा हात उचललेला होता, तो बाईंच्या ओरडण्यानं थांबला.

घोडाकाका काचेत बसला, कानावर हात दाबून. माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागला. म्हणाला, बापाचाच हात, तोही एका जागी दोनदा मारायचा, त्या दिवशीही तसाच मारला. सेक्रेटरीकाकांनी त्याच्या तोंडावर लाथ घातली, बूट घातलेल्या पायाची. गप्प बस म्हणाले. मग त्याला ओढत घेऊन सगळे गेले. त्यानं माझ्यावर तक्रार केलेली नाही. अकरा टाके पडलेत.

चौथ्या भोकात आकडा दोनदा गेलाय, हे माझ्याच हातानं मी नोंदीत लिहिलंय. तू कोट परत दे म्हणालीस, काका घरी आले, काच फुटली, आणि मी शहाणी, मला वाटलं सगळे कुणा तिसऱ्याला वाचवताहेत. आता मला विचारायचंय ते एकच. तुला ते काय हे कळलंय. वळसे घालू नकोस.

तुझी
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद तू घेशील की नाही माहीत नाही, मी पाठवते.

हो. तुझ्या बापानंच.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला वरून जखमींचे कपडे यायला लागले. कात्रीनं कापून काढलेले, रक्ताचे, टोपलीत. मी एकेक झटकून थंड हौदात टाकत होते. एका शर्टाचं कोपर हातात आलं आणि त्यावर माझंच रफू होतं, हिरव्या दोऱ्याचं. तेव्हा मला कळलं की धाकटा वर आहे. शर्ट हौदात तसाच सोडून, हात न पुसता मी जिना चढले. वॉर्डात सगळे माझ्या हातांकडे बघत होते.

तो शुद्धीवर होता. मोडक्या जबड्यानं बोलला, शब्द कमी आणि रक्त जास्त. म्हणाला, अक्का, माझ्या अंगावरचं सगळं रक्त माझं नाही. फाटकाशी एक पहारेकरी उभा होता. दोन्ही हात पसरून मागे जा, मागे जा म्हणत होता. काठी त्यानं खाली टाकलेली होती. तुझ्या बापानं आकडा काढला आणि त्याच्या छातीत घातला. तो पडेना. त्यानं तुझ्या बापाची बाही धरली. मग तुझा बाप मारतच राहिला. त्याला मोजता आलं नव्हतं, तू मोजलंस. पहिल्यालाच पुरे झालं होतं, पण हात थांबत नव्हता, असं म्हणाला. मग बाकीच्या पहारेकऱ्यांनी त्याला धरला, आणि पुढचं तुला सांगितलंच आहे.

त्याचा हात मला नवा नव्हता. लहानपणी त्यानं कुत्र्याचं पिल्लू असंच मारलं होतं, आणि रडत माझ्याकडे आला होता. मी त्याला जवळ घेतलं आणि पिल्लू पुरून टाकलं. घरात कुणाला कळू दिलं नाही. ती माझी पहिली चूक.

खाली आले तर मुकादम म्हणाला, पोलीस कपडे गोळा करायला येताहेत. मी शर्ट हौदातून काढला आणि घाईत उकळत्या पाण्यात टाकला. इतकी वर्षं हे काम करून ती चूक माझ्या हातून झाली. डाग शिजला, तपकिरी पडला आणि बसला. पण पोलीस वरच्या मजल्यावरूनच परत गेले. कंपनीनं लिहून दिलं की पहारेकरी पळताना तुडवला गेला, कारण चौकशी झाली असती तर तुझ्या बापाला ठेचणाऱ्या सहा जणांची नावं द्यावी लागली असती. सेक्रेटरीनंही तेच लिहून दिलं, त्याला मेलेला पुढारी हवा होता, खुनी नको होता. दोघांचं जमलं. आकडा गटारात गेला.

मग दोन महिन्यांनी ती आली, पहारेकऱ्याची बायको, काम मागायला. मुकादमाला सांगून मीच तिला ठेवून घेतलं. माझ्या शेजारचं टेबल दिलं. रोज वाटायचं, आज सांगते. मग तिनं तुला मांडीवर घेतलं, तू तिला मावशी म्हणायला लागलीस, आणि मला वाटलं झाकली मूठ झाकलेलीच बरी. तुला खुन्याची पोर म्हणवून घ्यायला मी वाढवत नव्हते.

शर्टाचं खोटं सांगितलं. तो आहे. पिठाच्या डब्यामागे, जुन्या उशीच्या अभ्र्यात.

तुझ्या हातोडीचं वाचलं. तू त्याची पोर आहेस, पण तिसऱ्यांदा थांबलीस, एवढं लक्षात ठेव. आता तुला जे लिहायचं ते लिही.

लोभ मागायचा मला तोंड नाही.
आत्या

१५ मार्च

आत्या,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही. वडीलधारी आहेस म्हणून लिहिला असं धर.

पत्र वाचून मी फाटकापर्यंत चालत गेले. त्या दगडावरच्या नावाला मी लहानपणी फुलं घातलीत, मावशीचं बोट धरून. तिच्या नवऱ्याला फाडणाऱ्याच्या नावाला तिनं मला नमस्कार करायला शिकवलं, आणि तू बाजूला उभी होतीस. चोवीस वर्षं तू तिच्या डब्यातलं अर्धं खाल्लंस. घास उतरायचा कसा, हे मला खरंच विचारायचंय. मी आत्ता समोर असते तर तुला मारलं असतं, आणि मला माझाच हात आता माहीत आहे, म्हणून इथेच राहतेय.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या हातात दोन सळ्या घातल्यात. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हात उगारणाऱ्या मुलीला वस्तूंपाशी ठेवावं की नाही, हे समिती बघेल. पण लपवणारीला तर एक दिवसही ठेवता येणार नाही. त्यांनी मला दोन पर्याय दिले. कोट दुसऱ्या विद्यार्थ्याकडे सोपवायचा, कुणाला काही न सांगता, आणि आपण मडक्यांची नोंद करायची. नाहीतर जे आहे ते पूर्ण लिहून खाली सही करायची, बापाच्या नावासकट. पहिल्यात जागा मिळायची शक्यता जास्त आहे, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मी लिहिणार आहे. मला ती जागा हवीच आहे, पण त्या कपाटांमधून हे पोटात घेऊन फिरता येणार नाही. तुझं तू चोवीस वर्षं कसं निभावलंस ते तुझं तुला ठाऊक.

मात्र मावशीला हे भिंतीवरच्या पाटीवरून कळता कामा नये. माझ्याकडूनही नाही. तू सांगायचंस, तोंडानं, तिच्या समोर उभी राहून. महिनाअखेरपर्यंत. शर्टही आधी तिला दाखव. चूकच करायची होती तर निदान डाग तरी नीट काढायचास, म्हणजे हे सगळं टळलं असतं. नाहीतर धुवायचाच कशाला होता?

उत्तर आलं तर वाचेन. लोभाचं नंतर बघू.
भिंगरी

२९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ., हे सवयीनं लिहिलं गेलं, खोडत नाही.

पत्र मी, मावशी, लिहिते आहे, कारण तुझ्या आत्याचा उजवा हात मी भाजला आहे.

गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर अक्कानं माझ्या टेबलावर एक जुना शर्ट ठेवला. मला वाटलं, इस्त्री करायचाय. मी इस्त्री टेकवलीसुद्धा. मग ती बोलायला लागली. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती नेहमी मोठ्यानं बोलते, तशीच बोलली, आणि सगळं धुलाईघर ऐकत होतं. त्यानं काठी टाकली होती. त्याचे हात पसरलेले होते. एक वार, मग तो पडेना, मग बाही धरली. तू लिहिलेलं सात भोकांचं तिनं सांगितलं तेव्हा इस्त्री तिच्या हातावर होती. मी दाबून धरली होती. कातडीचा वास आला. तिनं हात ओढला नाही. ओढला असता तर मी इतका वेळ धरली नसती. मुकादमानं मला केसांना धरून मागे खेचलं, तरी मी तिच्या तोंडावर मूठ मारलीच. पुढचा एक दात गेला. तो पिवळाच होता.

मग मीच तिला नळाखाली ओढत नेलं. भाजल्यावर थंड पाणी, दुसरं काय करणार? वीस मिनिटं तिचा हात पाण्याखाली धरला आणि वीस मिनिटं तिला शिव्या दिल्या. आईबापापासून सुरुवात केली, तुझ्यापाशी आले तेव्हा थांबले. जखमेची पट्टी मात्र मीच बदलते, बाकीच्यांना नीट बांधता येत नाही. डबा आता वेगवेगळा खातो.

आता कामाचं. तू नोंदीत काय लिहिणार ते मला वाचून दाखवायचं ठरवलं होतंस म्हणे. वाचून नको, ऐकून घे. तो समोर तोंड करून उभा होता, असं पहिल्या ओळीत लिही. काठी टाकलेली होती, असंही लिही. तुझ्या बापाचं नाव लिही. सहा जणांनी त्याला ठेचलं तेही लिही, मला त्याचं वाईट वाटत नाही, पण झालं ते झालं.

शर्टाबद्दल एक सांगते. अक्का म्हणते, घाईत चुकून उकळत्या पाण्यात पडला. तूही तिला तसंच मानून टोमणा मारलास, ते पत्र मी वाचलं. मी तिच्या शेजारी चोवीस वर्षं उभी आहे. पोरी कामाला आल्या की पहिल्या दिवशी ती त्यांचे हात धरून थंड हौदात बुडवते. लाखो कपडे गेले असतील आमच्या हाताखालून, तिनं रक्ताचं एक फडकं गरम पाण्यात टाकलेलं मी पाहिलेलं नाही. आणि पोलिसांची भीती होती तर उकळत्या पाण्याच्या पलीकडे चार पावलांवर भट्टी होती. घालायचा आत, दोन मिनिटांत राख. तो शर्ट थंड हौदात होता. तसाच राहिला असता तर तासाभरात पांढरा झाला असता, आणि मी मरेपर्यंत पळपुट्याची बायको राहिले असते. तिनं तो तिथून काढला आणि शिजवला. मी तिला विचारलं. म्हणते, मला माहीत नाही, हातानं केलं.

म्हणून चुकून धुतला, असं लिहू नकोस. धुतला, एवढंच लिही. कुणी आणि कशात, ते लिही. ज्याला या कामातलं कळतं त्याला कळेल.

तुझ्या बाईंना सांग, कोट मी संग्रहालयाला दिलेला नाही, तुझ्या हातात दिला होता. त्या हातानं काय केलं ते ऐकलं. तरी समितीनं तुला काढलं तर कोट मी परत घेऊन जाईन, दुसऱ्या कुणाच्या हाती तो राहायचा नाही. उसवलेली बाही शिवू नकोस. तीही आता त्यातलीच झाली.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तेवढं अजून जमत नाही. शर्ट सोबत पाठवला आहे, ओला करू नकोस.

मावशी